डोंगर तेच, झेंडा दुसरा : व्हरमाँट राज्याच्या बदलत्या पक्षनिष्ठेचा प्रकरण अभ्यास

नोव्हेंबर १९३६ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी अमेरिकेच्या ४८ राज्यांपैकी ४६ राज्ये जिंकली. ज्या दोन राज्यांनी त्यांना नाकारले, त्यांतले एक मेन आणि दुसरे व्हरमाँट. रूझवेल्ट एकूण चार वेळा अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि चारही वेळा व्हरमाँटने त्यांच्या विरोधात कौल दिला. १८५६ पासून १९६० पर्यंतच्या सलग २७ निवडणुकांत या राज्याने रिपब्लिकन उमेदवारालाच मत दिले; एका पक्षाशी इतकी अखंड बांधिलकी दुसऱ्या कोणत्याही राज्याच्या नावावर नाही. आता हेच राज्य पाहा. १९९२ पासून ते प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या बाजूने उभे राहिले आहे, आणि २०२० मध्ये जो बायडन यांना सर्व राज्यांत सर्वाधिक टक्केवारी, सुमारे ६६ टक्के, येथेच मिळाली.

हे स्थित्यंतर एखाद्या औद्योगिक वा महानगरी राज्यात घडले असते, तर त्याचे फारसे नवल वाटले नसते. व्हरमाँट मात्र कॅनडाच्या सीमेला टेकलेले, जेमतेम २५ हजार चौरस किलोमीटरचे डोंगराळ राज्य आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ६,४३,०७७ भरली आणि तिच्यापैकी सुमारे ६५ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. हे प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे. राजधानी माँटपिलिअरची वस्ती आठ हजारांच्या आसपास आहे. खेडे म्हणजे सनातनी आणि शहर म्हणजे पुरोगामी, हे समीकरण आपण किती सहज गृहीत धरतो! त्या समीकरणाला हे राज्य गेली साठ वर्षे छेद देत आले आहे, आणि म्हणूनच त्याचा बारकाईने अभ्यास व्हायला हवा असे मला मनापासून वाटते.

अभ्यासाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. व्हरमाँटमध्ये मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही, आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत कोणत्याही पक्षाची मतपत्रिका निवडता येते. त्यामुळे येथे पक्षनिष्ठा नोंदवहीत सापडत नाही. ती मतमोजणीतूनच वाचावी लागते. तशी ती वाचत गेले की लक्षात येते की माणसे बदलली, पक्ष बदलले आणि मोजणीची पद्धतही बदलली. मात्र या तिन्ही बदलांचा वेग वेगवेगळा होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुन्या पक्षाच्या वाड्याचा दरवाजा बाहेरून कोणी फोडला नाही, तो आतल्याच लोकांनी उघडला. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म नेमके येथे आहे.

निष्ठेचा पाया

रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये जन्मला, तो गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारा पक्ष म्हणून. व्हरमाँटने १७७७ च्या आपल्या पहिल्याच राज्यघटनेत प्रौढांच्या गुलामगिरीला मनाई केली होती, त्यामुळे हा पक्ष येथे जणू घरचाच होता. १८६० मध्ये अब्राहम लिंकन यांचे प्रतिस्पर्धी असलेले स्टीफन डग्लस हे व्हरमाँटच्या ब्रँडन गावात जन्मलेले. तरीही राज्याने आपल्या भूमिपुत्राला बाजूला सारून लिंकन यांना सुमारे तीन चतुर्थांश मते दिली. पुढे गृहयुद्धात सव्वातीन लाखांहून कमी वस्तीच्या या राज्यातून सुमारे ३४ हजार पुरुष लढायला गेले आणि त्यांतले पाच हजारांवर परतले नाहीत. ज्या घरातला मुलगा असा गेला, त्या घरात रिपब्लिकन पक्षाला मत देणे ही राजकीय निवड उरली नव्हती. ते गेलेल्याचे स्मरण होते. अशी निष्ठा बापाकडून मुलाकडे शेतीवाडीसारखी जाते.

निष्ठेला हिताचीही जोड होती. त्या काळी व्हरमाँटच्या टेकड्यांवर मेरिनो मेंढ्यांचे कळप चरत, आणि लोकरीला परदेशी स्पर्धेपासून वाचवणारे आयात शुल्क रिपब्लिकन पक्षच लावत होता. १८६१ चा जकात कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते जस्टिन मॉरिल व्हरमाँटचेच प्रतिनिधी होते. भावना आणि पोट एकाच बाजूला ओढत असतील, तर मतदाराने दुसरीकडे का जावे?

या जगाचे चित्र पाहायचे असेल, तर ३ ऑगस्ट १९२३ च्या पहाटेचे प्लिमथ नॉच गाव पाहावे. अध्यक्ष हार्डिंग यांच्या निधनाची बातमी आली तेव्हा उपाध्यक्ष कॅल्विन कूलिज या छोट्याशा गावी वडिलांच्या घरी होते. पहाटे पावणेतीनच्या सुमारास रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात वडिलांनीच, नोटरी या नात्याने, मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. घरात वीज नव्हती. काटकसर, मितभाषीपणा, सरकारने आपल्या कामात लुडबूड करू नये हा आग्रह आणि शेजाऱ्याच्या अडचणीला न सांगता धावून जाणे, या गुणांना व्हरमाँटचे लोक ‘रिपब्लिकन’ समजत. नाव पक्षाचे होते, पण आशय गावाचा होता.

एकाच पक्षातले दोन पक्ष

शंभर वर्षांहून अधिक काळ व्हरमाँटला डेमोक्रॅटिक गव्हर्नर मिळाला नाही. स्पर्धाच नव्हती असा मात्र याचा अर्थ नाही. ती पक्षाच्या आत होती. ग्रीन माउंटन पर्वतरांग राज्याच्या मधोमध उभी आहे. तिच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या लोकांनी गव्हर्नरपद आलटून पालटून घ्यावे, असा अलिखित संकेत रिपब्लिकन नेत्यांनी दीर्घकाळ पाळला. त्याला ‘डोंगर नियम’ म्हणत. संगमरवराच्या खाणींचे मालक असलेले प्रॉक्टर घराणे या व्यवस्थेच्या शिखरावर होते. ज्या गावाला त्यांचेच नाव आहे, त्या गावातल्या या एका घराण्यातून अनेक गव्हर्नर झाले.

या सरंजामाला पहिला धक्का दिला तो जॉर्ज एकन यांनी. हे पटनी गावचे रोपवाटिकावाले. फळझाडे आणि रानफुले लावणारा माणूस. १९३७ मध्ये ते गव्हर्नर झाले आणि १९४१ ते १९७५ अशी ३४ वर्षे सेनेटर राहिले. वीज कंपन्यांच्या विरोधात त्यांनी शेतकऱ्यांच्या सहकारी वीजसंस्थांची बाजू घेतली आणि आपल्याच पक्षाच्या राष्ट्रीय नेतृत्वाला धनिकांची तळी उचलल्याबद्दल जाहीरपणे सुनावले. १९६८ च्या निवडणुकीत त्यांनी आपल्या प्रचारावर एकूण १७ डॉलर आणि ९ सेंट खर्च केले. ही रक्कम व्हरमाँटमध्ये आजही सांगितली जाते. मतदार एकन यांना पक्षाचे म्हणून मत देत नव्हते, एकन म्हणून देत होते, हे त्या हिशेबातून कळते.

एकन यांच्याच वळणाचे अर्नेस्ट गिब्सन यांनी १९४६ च्या प्राथमिक निवडणुकीत गव्हर्नर मॉर्टिमर प्रॉक्टर यांना हरवले आणि शिक्षण, आरोग्य व रस्ते यांवर सरकारने खर्च करावा असा आग्रह धरला. १९५४ मध्ये, लोकांवर साम्यवादी असल्याचे बेछूट आरोप करणारे सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या निषेधाचा ठराव सेनेटमध्ये मांडणारे राल्फ फ्लँडर्स हेही व्हरमाँटचेच रिपब्लिकन. थोडक्यात, डेमोक्रॅटिक पक्ष येथे नगण्य होता तेव्हाच, पुढे जे मतदार त्याच्याकडे जाणार होते त्यांची मनोभूमी रिपब्लिकन पक्षाच्या एका शाखेने नांगरून ठेवली होती. त्या शाखेला आपण काय पेरत आहोत याची जाणीव नसेलही, पण पीक त्याच जमिनीत आले.

कॅन, टाकी आणि रिकाम्या टेकड्या

राजकारणाची पाळेमुळे कित्येकदा गोठ्यात सापडतात. मेंढ्या गेल्यावर व्हरमाँट दुधावर जगत होते. टेकडीवरचा शेतकरी पंधरा-वीस गायी पाळी, धार काढून दूध चाळीसेक लिटरच्या धातूच्या कॅनमध्ये भरी, ते कॅन झऱ्याच्या थंड पाण्याच्या हौदात ठेवी आणि सकाळी रस्त्यावर आणून लावी. १९५० च्या दशकात डेअऱ्यांनी हे कॅन घेणे बंद करायला सुरुवात केली. आता दूध शीतकरणाच्या स्टील टाकीत, म्हणजे बल्क कूलरमध्येच साठवायचे आणि टँकरने उचलायचे. टाकी महाग, तिच्यासाठी वेगळी पक्की खोली हवी, वीज हवी आणि टँकर चढेल असा रस्ता हवा. पंधरा गायींच्या दुधावर हा खर्च निघणे शक्यच नव्हते. कोणी कर्ज काढून गायी वाढवल्या, पण टेकडीवरच्या बहुतेकांनी जनावरे विकली. १९५० च्या सुमारास राज्यात दहा हजारांच्या आसपास दूध उत्पादक शेते होती. आज ती पाचशेच्या घरात आहेत.

या घटनेचे राजकीय परिणाम दोन झाले, आणि ते एकमेकांत गुंतलेले होते. पिढीजात रिपब्लिकन मत देणारे कुटुंब टेकडीवरून उतरले, त्याची मुले दुसऱ्या राज्यात नोकरीला गेली. आणि त्याच वेळी त्या कुटुंबाची जमीन व लाकडी घर स्वस्तात विक्रीला आले. जुना मतदार ज्या कारणाने गेला, त्याच कारणाने नव्या मतदाराला जागा झाली. आंतरराज्य महामार्ग ८९ आणि ९१ बांधले गेल्यावर बॉस्टन आणि न्यूयॉर्क काही तासांच्या अंतरावर आले. १८५० मध्ये राज्याची लोकसंख्या ३,१४,१२० होती आणि १९६० मध्ये ३,८९,८८१. म्हणजे ११० वर्षांत पाऊण लाखांची वाढ. त्यानंतरच्या दोन दशकांत मात्र सव्वा लाखाने भर पडून १९८० मध्ये ती ५,११,४५६ झाली.

या आलेल्यांना स्थानिक लोक ‘फ्लॅटलँडर’, म्हणजे सपाटीवरचे, म्हणत, अजूनही म्हणतात. त्यांत शहर सोडून शेती करायला आलेले तरुण होते, हे खरे आहे, आणि लांब केसांची ती मुले वर्तमानपत्रांना फार आवडली. पण १९५७ मध्ये एसेक्स जंक्शनला सुरू झालेल्या, आयबीएम या संगणक कंपनीच्या कारखान्यातले अभियंते, विद्यापीठातले प्राध्यापक, डॉक्टर, वकील आणि स्कीइंगच्या केंद्रांभोवती स्थिरावलेले व्यावसायिक हेही त्यांत होते. व्हरमाँटचे परिवर्तन केवळ ‘हिप्पींनी’ घडवले, ही लोकप्रिय कथा मला अपुरी वाटते. कारण पहिला मोठा पराभव ते मोठ्या संख्येने येण्यापूर्वीच झाला होता.

मोजणी बदलली

तो पराभव १९६२ चा. डेमोक्रॅटिक उमेदवार फिलिप हॉफ यांनी पदावर असलेले गव्हर्नर रे कीझर यांना दीड हजाराहून कमी मतांनी हरवले आणि १८५३ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक गव्हर्नर निवडून आला. १९६४ मध्ये राष्ट्रीय रिपब्लिकन पक्षाने बॅरी गोल्डवॉटर यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली, नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलेल्या नेत्याला. लिंकन यांचा पक्ष म्हणून शंभर वर्षे मत देत आलेल्या राज्याने लिंडन जॉन्सन यांना सुमारे ६६ टक्के मते दिली. पण त्याच दिवशी, त्याच मतदारांनी रिपब्लिकन सेनेटर विन्स्टन प्राउटी यांना पुन्हा निवडून पाठवले. राष्ट्रीय पक्ष वेगळा आणि आपला पक्ष वेगळा, ही व्हरमाँटची विभागणी येथे प्रथम स्पष्ट दिसली. ती पुढे वारंवार दिसणार होती.

दुसरा बदल न्यायालयातून आला, आणि माझ्या मते त्याला मिळायला हवे तेवढे श्रेय दिले जात नाही. व्हरमाँटच्या प्रतिनिधिगृहात गाव लहान असो वा मोठे, प्रत्येक गावाला एक सदस्य मिळे. एकूण सदस्य २४६. काही डझन वस्तीच्या टेकडीवरच्या गावाला जेवढे मत, तेवढेच ३५ हजार वस्तीच्या बर्लिंग्टन शहराला. ही रचना लोकांना प्राणप्रिय होती, कारण व्हरमाँटची लोकशाही गावसभेत जगते. मार्चच्या पहिल्या मंगळवारी, बर्फ वितळून रस्ते चिखलाचे होऊ लागतात तेव्हा, लोक गावच्या सभागृहात जमतात, निवडलेला सभापती कामकाजपत्रिकेतले एकेक कलम वाचतो, नव्या ट्रकसाठी किती खर्च करायचा यावर तासभर चर्चा होते, हात वर करून मतदान होते आणि मध्येच सगळे एकत्र जेवतात. प्रतिनिधिगृहातला सदस्य हा त्या सभेचाच माणूस. सर्वोच्च न्यायालयाने ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व घालून दिल्यावर ही रचना टिकणे शक्य नव्हते. १९६५ मध्ये, सदस्यांना स्वतःच्याच जागा कमी करण्यास मत द्यावे लागून, सभागृह १५० वर आले. लहान गावांच्या लोकांना झालेले दुःख खरे होते. आणि बर्लिंग्टनच्या मतदाराला इतकी वर्षे झालेला अन्यायही खरा होता. राज्याच्या मतांमध्ये जे बदल आधीच साचले होते, ते आता विधिमंडळात दिसू लागले.

यानंतरही सत्ता लगेच फिरली नाही. १९७० चा ‘अ‍ॅक्ट २५०’ हा जमीनविकासावर नियंत्रण ठेवणारा कायदा रिपब्लिकन गव्हर्नर डीन डेव्हिस यांच्या कारकिर्दीत झाला. दक्षिणेकडे सुटीतली घरे झपाट्याने उठत होती आणि त्यांचे सांडपाणी डोंगरउतारावरून वाहू लागले होते. ते पाहून, आयुष्यभर उद्योगांच्या बाजूने बोललेल्या डेव्हिस यांनी मोठ्या बांधकामांना जिल्हा आयोगाची परवानगी सक्तीची केली. रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांवर बंदी त्याआधीच, १९६८ मध्ये आली होती. आज ज्याला ‘डावे’ म्हणून हिणवले किंवा गौरवले जाते, त्या व्हरमाँटचे काही आधारस्तंभ असे जुन्या पक्षाच्या हातांनी उभे राहिले आहेत.

१९७४ मध्ये पॅट्रिक लेही हे राज्याचे पहिले डेमोक्रॅटिक सेनेटर झाले, १९८४ मध्ये मॅडलिन क्युनिन पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या. १९८१ मध्ये ब्रुकलिनहून आलेले समाजवादी बर्नी सँडर्स अवघ्या दहा मतांनी बर्लिंग्टनचे महापौर झाले; त्यांनी हरवले ते डेमोक्रॅटिक महापौराला, हे विसरता कामा नये. १९९० मध्ये ते काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून गेले, तेव्हा रिपब्लिकन प्रतिनिधी पीटर स्मिथ यांनी बंदुकांवरील निर्बंधांना पाठिंबा दिल्यामुळे बंदूकधारकांची संघटना त्यांच्या विरोधात गेली होती, आणि ग्रामीण शिकाऱ्यांचा तो रोष सँडर्स यांच्या पथ्यावर पडला.

कोणी कोणाला सोडले

२००० साली या समाजात खोल भेग पडली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये दिलेल्या निकालानंतर विधिमंडळाने समलिंगी जोडप्यांना विवाहासारखे हक्क देणारा ‘सिव्हिल युनियन’चा कायदा केला, देशात सर्वप्रथम. गोठ्यांच्या भिंतींवर ‘टेक बॅक व्हरमाँट’, म्हणजे व्हरमाँट परत घ्या, असे फलक ठोकले गेले. कायद्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत काही रिपब्लिकन सदस्यही होते, आणि आपली जागा जाणार हे ओळखून दिलेले ते मत त्यांतल्या काहींना खरोखरच महागात पडले. त्या नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधिगृह रिपब्लिकन पक्षाकडे गेले. नऊच वर्षांनी, २००९ मध्ये, गव्हर्नरांचा नकाराधिकार ओलांडून विधिमंडळाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली, तेव्हा तसा उद्रेक झाला नाही.

मे २००१ मध्ये सेनेटर जिम जेफर्ड्स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला आणि ५०-५० अशा समसमान सेनेटमधली सत्ता एका माणसाच्या निर्णयाने फिरली. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाला पुरेसा निधी मिळावा, हा त्यांचा आग्रह होता. हे जेफर्ड्स कोणी बाहेरचे नव्हते. एकन यांच्या वळणातले, अस्सल व्हरमाँटी रिपब्लिकन होते. पक्षाचे केंद्र दक्षिणेकडे सरकले, तसे त्यांच्यासारख्यांना उभे राहायला जागा उरली नाही. पक्ष आपल्यापासून दूर गेला, ही भावना व्हरमाँटच्या अनेक जुन्या कुटुंबांत मी प्रामाणिक मानतो.

याच्या नेमके उलट वेस्ट व्हर्जिनियात घडले. तेही डोंगराळ, ग्रामीण आणि बहुसंख्य गोऱ्यांचे राज्य. १९३२ ते १९९६ या काळात ते तीन अपवाद वगळता डेमोक्रॅटिक राहिले आणि २००० पासून ठाम रिपब्लिकन झाले. तेथे कोळसा खाणींच्या कामगार संघटना हा पक्षनिष्ठेचा कणा होता. तो मोडला तेव्हा रिकाम्या झालेल्या खोऱ्यांत बाहेरून कोणी राहायला आले नाही. दोन्हीकडे जुना व्यवसाय कोसळला. नंतर त्या जमिनीवर कोण आले, यावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

व्हरमाँटचा डेमोक्रॅटिक रंग मात्र सरसकट मानू नये. कॅनडाच्या सीमेवरील, लाकूडतोडीवर जगलेल्या एसेक्स काउंटीने २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत डोनाल्ड ट्रम्प यांना आघाडी दिली. २०१६ मध्ये अठरा हजारांहून अधिक मतदारांनी मतपत्रिकेवर नसलेले सँडर्स यांचे नाव हाताने लिहिले, आणि त्याच दिवशी राज्याने रिपब्लिकन फिल स्कॉट यांना गव्हर्नर निवडले. बॅरीचे हे स्कॉट तेव्हा खोदकाम कंपनीचे भागीदार होते आणि मोटार शर्यतींचे चालकही. २०१८ मध्ये बंदुकांवरील निर्बंधांच्या कायद्यावर त्यांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर, घोषणा देणाऱ्या संतप्त लोकांसमोर उभे राहून सही केली. २०२० मध्ये आपण बायडन यांना मत दिल्याचे त्यांनी उघड सांगितले. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांना राज्यात सुमारे ६४ टक्के मते मिळाली, आणि स्कॉट यांना ७० टक्क्यांहून अधिक.

त्याच निवडणुकीत मालमत्ता कराच्या वाढीने चिडलेल्या मतदारांनी विधिमंडळातले डेमोक्रॅटिक पक्षाचे नकाराधिकार ओलांडण्याइतके बहुमत काढून घेतले. उपगव्हर्नरपदासाठी दोन शेतकरी समोरासमोर होते : पदावर असलेले, डेमोक्रॅटिक व प्रोग्रेसिव्ह पक्षांचे डेव्हिड झुकरमन, जे मॅसॅच्युसेट्समधून येऊन भाजीपाल्याची शेती करू लागले, आणि ग्लोव्हर गावचे, पिढीजात शेतीतले जॉन रॉजर्स, जे पूर्वी डेमोक्रॅटिक आमदार होते आणि आता रिपब्लिकन म्हणून उभे होते. रॉजर्स पुढे राहिले, पण निम्म्याहून अधिक मते कोणालाच मिळाली नाहीत. अशा वेळी राज्यघटनेनुसार निवड विधिमंडळाने करायची असते. जानेवारी २०२५ मध्ये डेमोक्रॅटिक बहुमताच्या त्या विधिमंडळाने गुप्त मतदान केले आणि लोकांनी ज्यांना अधिक मते दिली होती, त्या रॉजर्स यांनाच उपगव्हर्नर निवडले.